गाद्यांच्या खोलीतला आवाज

"कोण आहे गं आत?"

मी दाराला थाप मारली तशी आतली कुजबुज एकदम थांबली.

गाद्यांची खोली म्हणजे आमच्या घराची मागची खोली. लग्नाकार्याला भाड्यानं जाणाऱ्या गाद्या, लोड, तक्के तिथं छतापर्यंत रचलेले असायचे. भर दुपारी त्या खोलीत माणसाचं काही काम नाही. उंदीर-घूस म्हणावं, तर ती बोलत नाहीत, आणि मी बोलणं ऐकलं होतं. बाईमाणसाचं.

दार ढकललं तर आत माझी धाकटी सून. दोन थप्प्यांच्या मधल्या बोळात फरशीवर मांडी घालून बसलेली, डोक्यावर हेडफोन, पुढ्यात तिचा तो माहेरहून आलेला कंप्युटर. तिचं नाव निशिगंधा. एवढं नाव पुरं होईपर्यंत माणूस पुढच्या गल्लीत जाईल, म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी निशी करून टाकलं होतं.

"कुणाशी बोलत होतीस?"

ती धडपडत उभी राहिली. "कुणाशी नाही, आत्या. खेळत होते."

आमच्याकडं सून सासूला आत्या म्हणते. बाकी सगळी बार्शी मला अक्का म्हणते.

"खेळत होतीस तर कुजबुजत का होतीस? चोरांचा खेळ आहे का?"

मग तिनं सांगितलं. खेळ पाच जणांच्या टोळीचा. समोर दुसरी पाच जणांची टोळी. आपला गड राखायचा, समोरच्याचा घ्यायचा. टोळीतला एक नाशिकला, एक नागपूरला, एक मुलगी पणजीला, असे सगळे आपापल्या घरात बसून एकाच वेळी खेळतात, आणि ते चाललेलं शेकडो लोक आपापल्या फोनवर लाइव्ह बघतात. निशी ह्या टोळीची कॅप्टन. कुणी कुठं जायचं, कुणी थांबायचं, ते हिनं सांगायचं. लातूरला माहेरी असताना तिला बघायला म्हणे पोरं शाळेतून पळत आपापल्या घरी जायची.

"म्हणजे खेळतंय एक आणि बघत बसलंय भलतंच?" मी म्हणाले. "लोकांना कामधंदा नाही?"

"क्रिकेटचं तसंच असतं ना, आत्या."

पोरीचं म्हणणं बरोबर होतं. त्याचा मला राग आला.

"मग डोळे कशाला भरलेत? हरलीस?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "टोळीतले म्हणतात, तुझं बोलणं आम्हाला ऐकूच येत नाही. ऐकू आलं तरी उशिरा कळतं. ह्या रविवारी सामना आहे. त्यात नीट ऐकू आलं तर मी कॅप्टन राहणार. नाहीतर ते नागपूरच्या मुलाला करणार."

"मग मोठ्यानं बोल की."

ती फरशीकडं बघायला लागली. आणि त्या फरशीलाच सांगावं तसं म्हणाली, "घरात मोठ्यानं कसं बोलायचं?"

आता हे घर कुणाचं? मंडपवाल्यांचं. आमच्याकडं माणूस बांबूच्या टोकावर चढलेला असतो आणि खालून त्याला हाक मारायची असते. मालक गेल्यावर धंदा मी हातात घेतला तेव्हा पहिली गोष्ट कमावली ती आवाज. मी अंगणातून हाक मारली की चौकातला टेम्पोवाला चहा टाकून येतो. अशा घरात माझी सून गाद्यांच्या आड बसून कुजबुजते! उद्या लोक म्हणतील, अक्कानं सुनेची जीभ कापून उंबऱ्यात पुरली.

मी तिला कधी गप्प बस म्हणाले नव्हते, हे मी आधीच सांगते. एवढं खरं, की आमच्या घरात मी बोलत असताना दुसऱ्याला बोलायला फट शोधावी लागते, आणि मी बोलत नसते असं फारसं होत नाही.

"रविवारी तू ह्याच खोलीत बसून खेळायचंस," मी म्हणाले. "आणि गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचंस. काय काय लागतं ते सांग."

तिचा विश्वासच बसेना. मग हळूहळू सांगायला लागली. चेहरा दिसला पाहिजे, म्हणजे कॅमेरा. चेहऱ्यावर नीट उजेड. मागं बरा पडदा. तासन् तास बसता येईल अशी खुर्ची. खोलीत आवाज घुमायला नको. आणि इंटरनेटची तार सरळ कंप्युटरपर्यंत यायला हवी, कारण भिंतीआडून ते अडखळतं.

मी दिगूला हाक मारली. दिगू म्हणजे माझा धाकटा, हिचा नवरा. हिशेबाला चोख, माणूस सरळ, पण बायकोसाठी आईकडं काही मागायचं म्हटलं की त्याच्या घशात सुपारी अडकते. त्यानं सगळं ऐकलं, फोन काढला आणि मला एका खुर्चीचा फोटो दाखवला. काळी-लाल, मोटारीतल्या सीटसारखी. खाली किंमत.

"ह्या खुर्चीत बसून माणूस उडतं का?" मी विचारलं.

"नाही, आई. पाठ दुखत नाही."

"एवढे पैसे मोजल्यावर पाठ नाही, काळीज दुखेल. नवीन काही आणायचं नाही. गोदाम मालानं भरलंय."

दिगू दचकला. "गोदामातला माल? घरात?"

त्याचं दचकणं बरोबर होतं. भाड्याचा माल घरात वापरायचा नाही, हा नियम माझाच. आज पाहुणे आले म्हणून एक सतरंजी घरात येते, उद्या दोन खुर्च्या येतात, आणि ऐन लग्नसराईत नवरीकडचा माणूस दारात उभा राहून ओरडतो की खुर्च्या कमी आल्या. म्हणून गोदामातली साधी चादरसुद्धा मी घरात अंथरू देत नसे. आमच्या घरात मोडक्या पाटावर बसून जेवतील, पण दोन पावलांवरच्या गोदामातली खुर्ची आणणार नाहीत. फक्त घरातच काही कार्य असेल तर माल घरात यायचा. दिगूच्या लग्नाला आला होता तेवढाच.

"मग कार्य करू," मी म्हणाले.

"कसलं कार्य?"

"खेळाचं."

दिगूनं बायकोकडं पाहिलं, बायकोनं फरशीकडं.

कार्य म्हटलं की मेढ आली. मंडपाचा पहिला खांब पूजा करून रोवल्याशिवाय आम्ही दुसऱ्याच्या दारातसुद्धा कामाला हात लावत नाही, मग स्वतःच्या दारात कसा लावणार? शनिवारी सकाळी मी अंगणात एक चांगला सरळ बांबू उभा केला, आंब्याचे डहाळे बांधले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. निशीला नमस्कार करायला लावला. आजही आमच्या गल्लीत कुणी त्या मेढीची गोष्ट काढलीच तर हसून हसून लोळतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून सगळं केलं होतं.

नारळाचं पाणी खाली पडायच्या आत भिंतीवरून विमलचं डोकं वर आलं. विमल आमची शेजारीण. तिच्या घरात काय शिजतंय ते तिला ठाऊक नसेल, पण आमच्या घरात काय शिजणार आहे ते तिला आदल्या दिवशी कळतं.

"अगं बाई, मेढ! अक्का, कार्य काढलंस आणि शेजारी पत्ता नाही?" तिची नजर निशीच्या पोटावर गेली आणि तिथंच बसली. "किती महिने झाले गं? सांगायचं तरी! हिरवी साडी आणायला नको का मला?"

निशीचा चेहरा पडला. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ज्यानं त्यानं तिच्या पोटाकडं बघून मगच तोंडाकडं बघायचं, असं चाललं होतं.

"आण की हिरवी साडी," मी म्हणाले. "पण जरा आखूड बघ. कंप्युटरला नेसवायचीय."

"काय?"

"त्याला दिवस गेलेत. उद्या दुपारी बाळंत होतोय. तेव्हा आवाज करू नको, आणि तुझ्या त्या मिक्सरचं काय ते आज वाटून ठेव."

विमलचं डोकं भिंतीमागं बुडालं. निशीनं तोंडावर पदर धरला होता. खांदे हलत होते. ती रडते की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर पोरगी हसत होती. पण तेही आवाज न करता.

मग आला इलाही. आमची लाइट आणि साउंडची सगळी कामं तोच बघायचा, मालकांच्या वेळेपासून. येताना टेम्पोभर सामान घेऊन आला, जणू आमदाराच्या मुलाचं लग्न आहे.

"अक्का, स्टेज कुठंय?"

"मागच्या खोलीत."

त्यानं खोली बघितली, निशीला बघितलं, कंप्युटर बघितला. हाच इलाही एकदा विहिरीच्या कडेवर मांडव घालायला सांगितला तेव्हाही फक्त "दोरी लांब लागेल" म्हणाला होता. आताही तसंच. "पहिलं आवाजाचं बघू," म्हणाला आणि खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. टाळी खोलीभर फिरून परत आली. मग त्यानं आणि दिगूनं गाद्या उचलल्या आणि आडव्या रचायच्या त्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, चारी बाजूंनी. परत टाळी. ह्या वेळी ती त्याच्या हातातच राहिली.

"आवाज मेला बघा खोलीतला," इलाही खुशीत म्हणाला.

"मेला म्हणू नकोस. कार्य आहे."

"बसला, अक्का. आवाज बसला."

उजेडाला हॅलोजन लावला, तर निशी शेकोटीवर धरलेल्या कणसासारखी दिसायला लागली, आणि पाच मिनिटांत घामानं तिचं कुंकू ओघळलं. इलाहीनं हॅलोजन लांब नेला आणि मधे मंडपाच्या छताचं पांढरं कापड ताणून बांधलं. कापडातून गाळून आलेला उजेड असा मऊ पडला, की दिगू आपल्याच बायकोकडं बघत राहिला. मी त्याला कोपर मारलं.

खुर्ची म्हणून मी नवरदेवाची महाराजा खुर्ची काढायला लावली. लाल मखमल, सोनेरी पाठ, दोन्ही हातांना सिंहाची तोंडं. जिल्ह्यातले अर्धे नवरदेव त्या खुर्चीत बसून मोबाइल बघत आलेत, मग हिनं कंप्युटर बघायला काय हरकत? निशी बसली तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. पायाखाली एक लोड सारला.

"आत्या, हे जरा जास्त होतंय," ती पुटपुटली.

"कॅप्टन आहेस ना? मग कॅप्टनसारखी बस. आणि खांदे वर. पाठवणीला बसल्यासारखी काय बसतेस?"

कॅमेरा म्हणून दिगूनं स्वतःचा फोन दिला. स्टेजवर फुलदाणी ठेवायचा उंच स्टँड असतो, त्यावर सुतळीनं फोन बांधला. इंटरनेटची तार पुढच्या ऑफिसातून बांबूंवरून आणली, जशी आपण लाइटच्या माळा नेतो. माइक तिच्या हेडफोनलाच होता. शेवटी दिगूनं मागं मरून रंगाचा मखमली पडदा ताणला, झालर खाली सोडली, चारी कोपरे आवळले. सगळं झाल्यावर आम्ही तिघं दारात उभे राहून बघत राहिलो.

"अक्का," इलाही म्हणाला, "ह्याच्यापुढं आमदार काहीच नाही."

पैसे गेले ते एका नारळाचे.

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि मी खोलीच्या दाराबाहेर पहाऱ्याला बसले. आत कुणी जायचं नाही, असं निशीनं सांगितलं होतं. म्हणजे दिगूच्या कानात सांगितलं होतं, आणि त्यानं मला. इलाही माझ्या शेजारी सामानाच्या पेटीवर बसला. दिगूला स्वतःचा फोन नव्हता म्हणून तो इलाहीच्या फोनवर लाइव्ह बघत ओसरीत फेऱ्या मारत होता.

"सुरू झालं," दिगू म्हणाला.

मी दाराला कान लावला. आत काही नाही. पार सामसूम.

"इलाही, तुझ्या गाद्यांनी आवाज बसवला का गिळलाच?"

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. धंद्याचा नंबर तो माझाच नंबर, त्यामुळं मी नेहमीसारखी बोलले, "होनराव मंडप. तारीख कोणती?"

"तारीख नाही, काकू," पलीकडून एक पोरगा. "ताईंना सांगा ना, त्यांचा आवाज येत नाहीये."

"कोण ताई?"

"त्या राजाच्या खुर्चीत बसल्यात त्या. आम्ही लाइव्ह बघतोय."

"तू कोण?"

"मी परभणीहून बोलतोय."

"परभणीत तुला माझा नंबर कुणी दिला?"

"ताईंच्या मागे लिहिलाय ना. पडद्यावर."

मी दिगूच्या हातातून फोन ओढून बघितलं. माझी सून खुर्चीत बसलेली, आणि तिच्या डोक्यावर, आरतीच्या ताटाएवढ्या अक्षरांत: होनराव मंडप डेकोरेटर्स, बार्शी. खाली माझा नंबर, एकही आकडा न झाकता.

आमच्या मालावर नाव घातलेलंच असतं. लग्नात कुणाची खुर्ची कुणाच्या टेम्पोत जाईल सांगता येत नाही, म्हणून खुर्चीवर, पडद्यावर, वाढायच्या बादलीवर, सगळीकडं आमचं नाव. आणि पडदा लावताना नावाची बाजू लोकांकडं करायची, इतकी वर्षं तेच केलेलं. दिगूचा हात सवयीनं वळला. आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोळ्याला ते खटकलं नाही, कारण ते नाव डोळ्यांसमोर नाही असा आमचा दिवसच नव्हता.

"पडदा कुणी लावला रे?"

"मी," दिगू म्हणाला.

"शाबास."

फोन परत वाजला. नगरचा कुणी. मग सांगलीची एक मुलगी. सगळ्यांचं एकच: ताईंचा आवाज येत नाही, माइक बघा. एकानं तर विचारलं, "आजी, खुर्ची भाड्यानं मिळेल का?" त्याला मी लग्न ठरव मग ये म्हणून सांगितलं.

"हेडफोनचा माइक गेला असणार," इलाही उठला. "जुनाच होता. आपला देतो."

आपला म्हणजे लग्नात आहेराची नावं पुकारायचा माइक, लाल स्पंजची टोपी घातलेला. त्यानं तार जोडली आणि कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून पालीसारखा जमिनीवरून सरपटत आत गेला. लोकांना फक्त खालून एक हात वर आलेला दिसला, त्यानं खुर्चीपाशी माइक उभा केला आणि हात परत गुप्त झाला.

फोन वाजला. "आजी, तो हात कुणाचा होता?"

"इलाहीचा. आता आवाज येतोय का ते सांग."

"माइक एकदम झकास आहे, आजी. ताईंचा श्वाससुद्धा ऐकू येतोय. पण ताईच हळू बोलतायत."

मी दिगूच्या हातातला इलाहीचा फोन कानाला लावला. इलाहीच्या माइकमुळं आता शब्द कळत होते. माझी सून आपल्या टोळीला म्हणत होती, "कुणी डावीकडं जाता का, प्लीज? नाही, म्हणजे, जमत असेल तर." अगदी मला विचारते तसं. आत्या, चहा टाकू का? आत्या, दार लावून घेऊ का?

"आई, पहिला डाव गेला," दिगू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "तीनातला एक गेला. हाही जायला आलाय. हा गेला की संपलंच. ते लोक तिला काढणार."

यंत्र बदलून झालं होतं. गाद्या, पडदा, उजेड, सगळं होतं. आणि खुर्चीत बसलेली ती अजून त्या दोन थप्प्यांच्या मधल्या बोळातच बसली होती.

मी उठले.

"आई, कॅमेरा चालू आहे! आत जाऊ नको!"

"माझ्या घरात मी कुठं जाऊ आणि कुठं नको, हे मला परभणीवाल्यांनी सांगायचं?"

मी दार उघडलं आणि तरातरा जाऊन थेट तिच्यापुढं उभी राहिले, उजेडाच्या आणि तिच्या मधे. माझी सावली तिच्या अंगावर पडली. कानावर हेडफोन, तिला माझा आवाज जाईना. मी एका कानावरचं खस्सकन बाजूला ओढलं.

"निशे, बारशाला आलीयस का, कानात कुर्र करायला? मंडप पडायला लागलाय तुझा! वारं सुटल्यावर मी पोरांना 'दोरी धरता का, जमत असेल तर' असं म्हणते का कधी?"

"आत्या, बाजूला व्हा! दिसत नाही मला!"

हे तिनं घशातून नाही, पोटातून म्हटलं. चारी बाजूंच्या गाद्या होत्या म्हणून, नाहीतर भिंतींना तडे गेले असते. दारात दिगूच्या हातून फोन निसटला. इलाही लपायचं विसरून सरळ कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

मालक गेल्यापासून मला कुणी बाजूला व्हा म्हटलं नव्हतं. मालक असतानाही म्हटलं असेल असं आठवत नाही.

मी बाजूला झाले. झाले म्हणजे काय, पायच आपोआप मागं गेले आणि मी एका गादीवर टेकले.

आणि तिला कळलंसुद्धा नाही आपण काय बोललो ते. डोळे समोरच्या पडद्यावर, हात कीबोर्डवर, आणि तोंड सुटलेलं. "नाशिक, मागं ये! तू नाही, तू थांब! मी सांगेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही! पणजी, डावीकडून. आता! आता! कशाची वाट बघतेस?"

तो सूर माझ्या ओळखीचा होता. एकदा वैरागच्या एका लग्नात वावटळ आली, अख्खा मंडप खांबासकट उचलायला लागला, आणि मी चपला टाकून मधोमध उभी राहून असंच ओरडत होते. अशा वेळी आवाज असा लागतो की ऐकणाऱ्याला विचार करायची सवड मिळता कामा नये. दोन्ही मुलांना मी तो शिकवायला बघितला. मोठा सोलापूरला नोकरीला गेला, दिगू खाली मान घालून हिशेब लिहितो. मला वाटलं होतं, हा आवाज माझ्याबरोबरच जाणार.

माझ्या हातात मोबाइल वाजला.

"आजी! आता येतोय आवाज! खणखणीत!"

"कळलं," मी म्हणाले. "ठेव. खेळ चाललाय." आणि हे म्हणताना माझ्या लक्षात आलं, की मी तोंडावर हात धरून कुजबुजतेय. माझ्याच घरात.

मला इतकं हसू आलं की गादीत तोंड खुपसावं लागलं.

दुसरा डाव त्यांनी घेतला. तिसऱ्यात घासून घासून खेळले, समोरच्यांचा गड अर्धा घेतला, आणि अगदी शेवटी हरले. इलाही "अरे, अरे, अरे" म्हणत डोक्यावर हात मारत होता, जणू त्याची म्हैस विहिरीत पडली. निशीनं हेडफोन मानेवर उतरवला. टोळीतले लोक आता आपापसात बोलून सांगणार होते. आम्ही सगळे बाहेर ओसरीत आलो आणि ती एकटी त्या महाराजा खुर्चीत, पाय लोडावर ठेवून बसून राहिली. दिगूनं चहा केला. कुणी प्यायलं नाही.

बऱ्याच वेळानं ती दारात आली. केस विस्कटलेले, कुंकू पुसलेलं, गाल लाल. माझ्यासमोर उभी राहिली आणि परत ती जुनी मान खाली.

"आत्या, मी तुम्हाला बाजूला व्हा म्हणाले."

"मग? झाले की."

"मी ओरडले तुमच्यावर. सगळ्यांसमोर."

"ते असू दे. ते लोक काय म्हणाले ते सांग."

तिचे ओठ हलले. बोलली असेल काहीतरी.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

"मला ठेवलं, आत्या."

ऐकू आलं होतं. दिगूलाही आलं होतं, तो उड्या मारायच्या बेतात होता. मी त्याला डोळ्यांनीच दाबलं.

"वय झालंय माझं. काय म्हणालीस?"

तिनं वर पाहिलं. माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी लख्ख पेटलं.

"मला ठेवलं!" ती ओरडली. "मीच कॅप्टन! हरलो तरी मीच!"

अंगणातली कबुतरं उडाली. भिंतीपलीकडं एक तान्हं पोर दचकून भोकाड पसरून रडायला लागलं आणि पाठोपाठ विमलचा आवाज आला, "ऐकलं गं बाई, ठेवलं तुला! माझा नातू आत्ता कुठं झोपला होता! हे काय घर आहे का बाजार?"

निशी घाबरून माझ्याकडं बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघतेस?" मी चहाची बशी तोंडाला लावली. "तुला विचारलंय. दे उत्तर."

आणि तिनं दिलं.